बावन्न नंबरचा दगड

माझे भावोजी बस डेपोत वेळापत्रकं बनवतात. गेल्या सव्वीस वर्षांत त्यांच्या कागदावर एकही बस उशिरा आलेली नाही. रस्त्यावर ती कधी येते, हा त्यांचा विषय नाही. डेपोतले लोक त्यांना पाठीमागे ‘सव्वापाच’ म्हणतात, कारण सव्वापाच वाजले की शब्द अर्धा राहिला तरी ते पेनाला टोपण लावतात. उरलेला अर्धा शब्द दुसऱ्या दिवशी लिहितात, आणि अक्षरात तसूभर फरक पडत नाही.

पण डेपो ही त्यांची नोकरी झाली. त्यांचा जीव अडकलाय तो स्काऊटच्या पथकात. आमची ताई म्हणते, “मला सवत आहे. ती खाकी घालते आणि दर रविवारी पहाटे शिट्टी वाजवून माझ्या नवऱ्याला बोलावून नेते.” शिट्टी भावोजीच वाजवतात, ही गोष्ट वेगळी.

मी त्यांचा मेहुणा. माझं चष्म्याचं दुकान आहे आणि रविवारी ते बंद असतं, एवढाच माझा गुन्हा. चौदा वर्षांपूर्वी एका शिबिरात त्यांना तंबूचा खांब धरायला माणूस कमी पडला आणि मी धरला. तेव्हापासून मी पथकाचा मदतनीस आहे. बरं, रीतसर मदतनीस म्हणावं तर तेही नाही. भावोजींच्या वहीत प्रत्येक मुलाचं एक पान असतं, तसं माझंही आहे. त्यावर लिहिलंय : ‘मेहुणा. प्रवेश चाचणी : प्रलंबित.’ गाठी मला येतात, आग पेटवता येते, नकाशाही थोडाफार वाचता येतो. अडलंय ते पहिल्याच कलमावर. ‘स्वतःची चूक न विचारता सांगतो.’ चौदा वर्षांत मी एकही चूक आपण होऊन सांगितली नाही. मला वाटायचं, चुका नसतीलच. भावोजी मात्र वही बंद करताना माझ्याकडे नुसतं बघायचे.

यंदा पथकावर गंडांतर आलं होतं. जिल्हा कार्यालयाचं पत्र आलं की बारापेक्षा कमी मुलं असलेली पथकं शेजारच्या पथकात विलीन होतील. आमच्याकडे अकरा होती. पत्राच्या शेवटी एक पळवाट होती : वार्षिक शिबिराच्या तपासणीत शंभरपैकी साठ गुण मिळाले तर पथक आहे तसं राहील. भावोजींनी ते पत्र चार वेळा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि ताईला म्हणाले, “शिबिर विमानतळावर घेऊ या. उड्डाणाचा बिल्ला देऊ या मुलांना. जिल्ह्यात आजवर कुणी दिला नाही.”

“तुम्ही विमानात बसलाय का कधी?” ताईने विचारलं.

“बिल्ल्याच्या अटींमध्ये ते नाही,” भावोजी म्हणाले.

विमानतळ म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर जे येईल ते नाही. गावाबाहेर एक गवताळ मैदान, कडेला एक पत्र्याचं हँगर, एक खोली, आणि खांबावर फडफडणारा नारिंगी कापडी भोंगा, वारा कुठून येतो ते सांगणारा. एकच विमान, चार आसनांचं. ते उडवणाऱ्या बाईच त्या मैदानाच्या व्यवस्थापक, त्याच तिथल्या झाडूवाल्या आणि त्याच फोन उचलणाऱ्या. भावोजींनी परवानगी मागितली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “धावपट्टीवर कुणी पाय ठेवायचा नाही. बाकी काय हवं ते करा.” भावोजींनी ते वाक्य त्यांच्यासमोर लिहून घेतलं आणि खाली त्यांची सही घेतली.

मग सुरू झालं नियोजन. भावोजींचं नियोजन ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. ते सात वेळा मैदान बघून आले. एकदा सकाळी, एकदा दुपारी, एकदा वारा असताना, एकदा नसताना. सगळं मैदान पावलांनी मोजलं आणि त्याचा नकाशा काढला. त्या नकाशात नळाची तोटी कुठल्या बाजूला उघडते तेही होतं. मग प्रत्येक शिबिराआधी होते तशी घरात रंगीत तालीम झाली. बैठकीची खोली हे मैदान, सतरंजी ही धावपट्टी, कपाट हे हँगर. मी अकरा मुलं होतो. ताई विमान होती. स्वयंपाकघरातून ती दोन्ही हात पसरून यायची आणि सोफ्याला वळसा घालून सतरंजीवर उतरायची. तिसऱ्या वेळी ती उतरली नाही. “विमानाच्या गुडघ्यात कळ आली,” म्हणून गॅसवरचं दूध बघायला निघून गेली. भावोजींनी वहीत लिहिलं : ‘तांत्रिक बिघाड, चार मिनिटं.’

वेळापत्रक अठरा पानांचं झालं. त्यात ‘खोकण्यासाठी राखीव वेळ’ होता. ‘आई-वडिलांची आठवण येणे’ यासाठी शनिवारी दुपारी दहा मिनिटं होती, म्हणजे रात्री कुणाला ती आली तर ती नियमबाह्य. मी हसलो. मी सगळ्याच पानांवर हसलो. पान नऊवरही हसलो, आणि ते बरोबर वाचलं असतं तर पुढचा प्रसंग टळला असता.

पान नऊवर रविवार सकाळ होती. ‘८.०० ते ९.४५ : तंबूंभोवती पांढऱ्या दगडांची सजावट. दगड जागेवरच उपलब्ध, नग चौऱ्याऐंशी.’

याचं मूळ सांगायला हवं. स्काऊटच्या शिबिरात तंबूभोवती चुना लावलेले दगड मांडायची पद्धत आहे. का, ते कुणाला ठाऊक नाही. तंबू गळका असला तरी चालतो, दगड सरळ रेषेत हवेत. तपासणीच्या फॉर्मवर त्याला दहा गुण आहेत. आणि तो फॉर्म एकोणीस वर्षांपूर्वी जिल्हा कार्यालयाच्या विनंतीवरून बनवला होता आमच्याच भावोजींनी.

आता मैदान बघायला गेलेल्या या माणसाला गवतात, ठरावीक अंतराने, पांढरे दगड दिसले. चुना उडालेला, गवत अर्ध्यावर चढलेलं. दुसऱ्या कुणालाही प्रश्न पडला असता की हे इथे कशाला ठेवलेत. भावोजींना पडला नाही. जगात पांढरा दगड दिसला की तो एखाद्या पथकाचाच, एवढी तीस वर्षांची सवय. “आधीच्या शिबिराने सोडलेले दिसतायत,” ते मला म्हणाले. “बघ, काय शिस्तीचे लोक! जाताना फेकून दिले नाहीत, वीस-वीस पावलांवर नीट मांडून ठेवलेत.” त्यांनी एकेक दगड मोजला, नकाशावर नंबर टाकला. एका बाजूला एक ते बेचाळीस, दुसऱ्या बाजूला त्रेचाळीस ते चौऱ्याऐंशी. मीही सोबत होतो. मी त्या वेळी सावली शोधत होतो.

शनिवार वेळापत्रकाप्रमाणे पार पडला. आठवण कुणालाच आली नाही. ती दहा मिनिटं मुलं रांगेत बसून राहिली. वैमानिक बाई त्याच दिवशी दुपारी विमान तपासणीसाठी मोठ्या विमानतळावर घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, “उद्या दहा चाळीसला परत येते. तुमच्या तपासनीसांनाही तिथून घेऊन येते. गाडीने त्यांना चार तास लागतील.” भावोजींचा चेहरा फुलला. तपासनीस आकाशातून येणार! त्यांनी लगेच पान दहावर बाण काढून ‘आगमन (हवाई)’ असं लिहिलं.

रविवारी आठ वाजता शिट्टी झाली. हँगरमधली हातगाडी घेऊन अकरा मुलं आणि मी दगड गोळा करायला निघालो. बाईंची अट आम्ही काटेकोर पाळली. धावपट्टीवर कुणीही पाऊल ठेवलं नाही. दगड काठावर होते, आम्ही काठाकाठाने चाललो. पावणेदहाला चारही तंबूंभोवती दगडांच्या अशा सरळ रेघा होत्या की बघत राहावं. भावोजींनी दोरी लावून तपासलं. दहापैकी दहा, असं ते बोलले नाहीत, पण त्यांच्या मिशीवर ते लिहिलेलं होतं.

मग बिल्ल्याचा अभ्यास. भावोजींनी स्वतः एक पुस्तिका लिहून आणली होती. कुठल्या पुस्तकातून उतरवली होती कोण जाणे. संघनायिका, म्हणजे पथकातली सगळ्यांत मोठी मुलगी, चौदा वर्षांची, दोन वेण्या आणि आवाज शाळेच्या घंटेचा, मोठ्याने वाचत होती.

“कलम सहा. गवताची धावपट्टी कशी ओळखावी. वैमानिकाला वरून सगळं गवत सारखंच दिसतं. म्हणून धावपट्टीच्या दोन्ही कडांना ठरावीक अंतरावर पांढऱ्या खुणा...”

ती थांबली. तिने पुस्तिकेतून डोकं वर काढलं आणि तंबूंकडे पाहिलं. मग मैदानाकडे पाहिलं. मैदान नुसतं हिरवं होतं.

“सर,” ती म्हणाली, “या खुणा म्हणजे आपले दगड का?”

मी आयुष्यात माणसाच्या तोंडचं पाणी पळताना पुष्कळदा पाहिलंय, चष्म्याच्या दुकानात बसलं की दिसतं. पण भावोजींचा चेहरा त्या दिवशी झाला तसा कधी पाहिला नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं. नऊ अठ्ठावन्न. दहा चाळीसला एक चार आसनी विमान येणार, त्यात एक बाई, एक तपासनीस, आणि खाली धावपट्टी कुठे सुरू होते आणि खड्डे कुठे, हे सांगणारं काहीच नाही. बाईंना फोन लावला. अर्थातच त्या विमानात होत्या.

“सर, कुठला दगड कुठे होता हे कसं कळणार?” एक पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला.

भावोजींनी खिशातून नकाशा काढला.

त्या नकाशाला मी दोन महिने हसत होतो. आज मी त्याच्या घड्या अशा हलक्या हाताने उलगडल्या की जणू तो माझ्या आजीचा शालू आहे. चौऱ्याऐंशी नंबर, प्रत्येकाची पावलं, हँगरच्या कोपऱ्यापासूनचं अंतर, सगळं त्यात होतं. भावोजींनी शिट्टी वाजवली. दोन टोळ्या केल्या, एका बाजूला सहा मुलं आणि ते स्वतः, दुसऱ्या बाजूला संघनायिकेसह पाच मुलं आणि मी. तंबूंभोवतीच्या सरळ रेघा दोन मिनिटांत उद्ध्वस्त झाल्या. हातगाडी एकच. ती धापा टाकत एकदा इकडे, एकदा तिकडे. भावोजी अठ्ठावन्न वर्षांचे, पावलं मोजत पळत होते. पळताना पावलं मोठी पडतात म्हणून दर वीस पावलांना एक पाऊल मागे येत होते. मी सांगतो ते खरं आहे, विमान डोक्यावर येत असताना तो माणूस एक पाऊल मागे येत होता.

माझ्याकडे त्रेचाळीस ते साठ होते. पन्नासपर्यंत मी इमानाने मोजलं. मग हात भरून आले, छाती भात्यासारखी हलायला लागली, आणि लांबून घरघर ऐकू आली. बावन्न नंबरचा दगड मी अंदाजाने टाकला आणि पुढे पळालो.

दहा एकोणचाळीसला भावोजींनी लांब शिट्टी दिली. सगळे काठापासून दूर, हँगरच्या भिंतीला टेकून उभे राहिलो. विमानाने एक फेरी मारली, दुसरी मारली आणि मग खाली आलं, दोन रांगांच्या मधोमध, दोन-चार उड्या घेत. मुलांनी टाळ्या वाजवल्या. भावोजींनी वाजवल्या नाहीत. ते हँगरच्या पत्र्याला हात टेकून उभे होते. मला त्यांची भयंकर दया आली, आणि दोन महिने हसल्याची लाजही वाटली.

तपासनीस विमानातून उतरले ते पांढरेफटक. पंधरा मिनिटं ते एका खुर्चीवर बसून पाणी प्यायले. मग फॉर्म काढला आणि मूळ रंगावर आले. गाठी, स्वच्छता, स्वयंपाकाची जागा, झेंडा. सगळीकडे चांगले गुण पडत गेले. तंबूंपाशी येऊन ते थांबले.

“पांढरे दगड नाहीत?”

“नाहीत,” भावोजी म्हणाले.

“शून्य,” तपासनीस हळहळून म्हणाले आणि तसं लिहिलं.

बेरीज बहात्तर झाली. साठ हवे होते. मी मोठा श्वास सोडला. आणि त्याच वेळी वैमानिक बाई मैदानाकडून आल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण तो ऐकून मुलं आपोआप रांगेत उभी राहिली.

“काठाच्या गवतात हातगाडीची चाकं उमटलीयत. दगडांवर चढलेलं गवत तुटलंय. माझ्या धावपट्टीचे दगड कुणी उचलले होते?”

मग संघनायिका एक पाऊल पुढे आली. “मी, बाई. मला वाटलं, तंबूला छान दिसतील. सरांना माहीत नव्हतं.”

शुद्ध खोटं. स्काऊटची मुलगी इतकं सफाईने खोटं बोलू शकते हे मला त्या दिवशी कळलं. तपासनीसांनी भावोजींना बाजूला घेतलं. मी जवळच होतो.

“हे बघा सर,” ते हळू आवाजात म्हणाले, “मुलीने केलं असं लिहितो. तिचा एकटीचा बिल्ला यंदा राहील, पुढच्या वर्षी मिळेल. पण तुमचं नाव आलं तर ‘पथकप्रमुखाची सुरक्षिततेची जाण’ हे पंधरा गुण गेले. सत्तावन्न होतात. मग पथक...”

“माहीत आहे,” भावोजी म्हणाले. “तो रकाना मीच घातलाय.”

ते सगळ्यांच्या समोर गेले. वेळापत्रक काढलं, पान नऊ उघडलं आणि बाईंच्या हातात दिलं. “दगड उचलायचं मी लिहिलं होतं. इथे आहे. आठ ते नऊ पंचेचाळीस. या मुलीने माझी चूक पुस्तक वाचून पकडली. उड्डाणाचा बिल्ला अजून कशासाठी देतात?”

मुलगी रडायला लागली. भावोजी तिला म्हणाले, “खोटं बोललीस. त्याचं नंतर बघू,” आणि आपला रुमाल तिला दिला. तपासनीसांनी पेन उघडलं. मग रकान्यात शून्य लिहिलं, अकरा बिल्ल्यांच्या अर्जांवर सह्या केल्या, आणि परत जाताना विमानाने न जाता बसने गेले. बस वेळेवर आली नाही.

महिन्याच्या आत पथक विलीन झालं. भावोजींनी शिट्टी, झेंडा आणि तंबू पावती घेऊन जमा केले. डेपोत ते सव्वापाचला उठत होते, पण एके दिवशी ताई म्हणाली, “अरे, काल अर्धा शब्द पूर्ण करून आले. माझ्या छातीत धस्स झालं.” रविवारी सकाळी ते खाकी शर्ट घालून खुर्चीत बसायचे. वेळापत्रक लिहायला घ्यायचे. ‘५.१५ उठणे. ५.३० दाढी.’ त्याच्यापुढे पान कोरं.

तिसऱ्या रविवारी बाईंचा फोन आला. दगडांना चुना लावायचाय, ज्याने उचलले त्याने लावावा. भावोजी डबा आणि ब्रश घेऊन निघाले, ताईने मला सोबत पिटाळलं. दुपारपर्यंत आम्ही चौऱ्याऐंशी दगड रंगवले. बाईंनी येऊन पाहिलं आणि भावोजींना म्हणाल्या, “वरून कसे दिसतात ते बघायचं का?”

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मग विमानात जाऊन बसले आणि पट्टा तीन वेळा तपासला.

दहा मिनिटं ते वर होते. मी खाली उभा राहून मान वर करून बघत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते उन्हाने नाही, हे मी इथे कबूल करतो. विमान उतरल्यावर ते दाराशी जरा थांबले. मला वाटलं, आता आकाशाबद्दल काहीतरी बोलतील. साठीला आलेला माणूस पहिल्यांदा उडालाय.

“बावन्न नंबर,” ते म्हणाले. “हातभर आत आहे. बाकी सगळे रेषेत. कुणी ठेवला होता?”

नकाशावर कुणी कुठला दगड ठेवला ते लिहिलेलं नव्हतं. सहा जण होतो आम्ही त्या बाजूला. पाच मुलं आता दुसऱ्या पथकात होती, ती काही इथे येऊन नाही म्हणणार नव्हती. एखाद्या पोराचं नाव घेतलं असतं तर विषय मिटला असता.

“मी,” मी म्हणालो. “मोजलं नाही. दमलो होतो म्हणून अंदाजाने टाकला. आणि आता त्याच जागी चुनाही लावला.”

आम्ही दोघे जाऊन तो दगड हातभर बाहेर सरकवला. त्यांनी पावलांनी मोजून खात्री केली. मग खिशातून वही काढली, माझं पान उघडलं आणि ‘प्रलंबित’वर एक रेघ मारून शेजारी तारीख लिहिली. चौदा वर्षांनी माझी पथकात भरती झाली. तोवर पथक राहिलं नव्हतं. भावोजींनी आपल्या गळ्यातला स्कार्फ काढला, माझ्या गळ्यात घातला, गाठ नीट बसली की नाही ते पाहिलं आणि म्हणाले, “पुढच्या रविवारी सहाला. उशीर करू नकोस.”